ग्रामीण वार्ताहर आणि चित्रफीत-पत्रकारितेचे प्रशिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावसारख्या गावातील वार्ताहर आज भ्रमणध्वनीवरच घटना चित्रित करतो, त्याच यंत्रावर तिचे संपादन करतो आणि काही मिनिटांत ती यूट्यूबवर प्रसारित करतो. पूर्वी ही कामे तीन-चार व्यक्तींमध्ये विभागलेली असत. त्यांतील प्रत्येक व्यक्ती आधीच्याचे काम तपासत असे. ही तपासणी कशी घडत गेली, ती कोठे लोप पावली आणि तिची जागा प्रशिक्षण घेऊ शकते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुद्रित पत्रकारितेतील शिक्षण :
६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता व तेथील वृत्तपत्रांवर कठोर निर्बंध होते. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे साप्ताहिक सुरू केले. पुढे अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली या पत्राने प्रदेशाच्या सार्वजनिक जीवनात मानाचे स्थान मिळविले. ग्रामीण वार्ताहराचे शिक्षण वर्गात होत नसे. त्याने पाठविलेली बातमी कार्यालयात दुरुस्त होई आणि छापून आलेला मजकूर वाचून त्याला आपली चूक उमगे. मानधन अत्यल्प असले तरी संपादकाची लेखणी हीच त्याची शाळा होती.

दूरचित्रवाणी आणि प्रशिक्षित चमू :
२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. दिल्ली येथील दूरचित्रवाणी प्रशिक्षण केंद्र १९७४ मध्ये पुण्यास हलविण्यात येऊन तेथील चित्रपट संस्थेस जोडले गेले. दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांना येथे चित्रण, ध्वनी व संकलन यांचे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले. मात्र ते शासकीय नोकरवर्गापुरते मर्यादित राहिले. २००० मध्ये ई-टीव्ही मराठी आणि २००७ मध्ये झी २४ तास व स्टार माझा या वाहिन्या आल्या. त्यानंतर तालुक्याच्या वार्ताहराच्या हाती कॅमेरा आला. त्याने पाठविलेल्या दृश्यांची निवड, जुळणी व निवेदन मात्र वाहिनीच्या वृत्तकक्षातच होत असे. म्हणजेच तंत्र बदलले, तरी तपासणारी दुसरी नजर कायम होती.

लोकचित्रफितीचा प्रयोग :
व्यावसायिक माध्यमांबाहेर एक समांतर प्रवाह वाहत होता. १९८४ मध्ये अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेतील श्रमिक स्त्रियांना अमेरिकेच्या मार्था स्टुअर्ट यांनी चित्रफीत तयार करण्याचे प्रशिक्षण दिले. त्यांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही त्यांनी कॅमेरा आत्मसात केला व त्यातून 'व्हिडिओ सेवा' उभी राहिली. २००३ मध्ये स्थापन झालेल्या व गोव्यातून काम करणाऱ्या 'व्हिडिओ व्हॉलंटिअर्स' या संस्थेने २०१० मध्ये 'इंडिया अनहर्ड' हा उपक्रम सुरू केला. वंचित वस्त्यांतील व्यक्तींना प्रशिक्षित करून त्यांना समुदाय-वार्ताहर म्हणून उभे करणे, हे त्याचे सूत्र होते. प्रशिक्षणानंतरही त्यांना मार्गदर्शन मिळत राही आणि प्रत्येक चित्रफितीचा मोबदला दिला जाई. एकदाच भरणारे शिबिर आणि सातत्याने मिळणारा सल्ला यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

भ्रमणध्वनीचे युग :
सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट स्वस्त झाले. खेड्यातील वार्ताहर स्वतःच वाहिनी बनला. २०१८ मध्ये गूगलने इंटरन्यूज, डेटालीड्स व बूम यांच्या साहाय्याने भारतीय पत्रकारांसाठी पडताळणीचे प्रशिक्षण जाहीर केले. त्यातील भाषांमध्ये मराठीचाही समावेश होता. परंतु प्रशिक्षण घेऊन गावी परतलेल्या वार्ताहराच्या दैनंदिन कामावर नजर टाकणारे कोणी उरले नव्हते.

या उणिवेचे गांभीर्य घनसावंगीलगतच्या अंबड तालुक्यात प्रत्ययास आले. २९ ऑगस्ट २०२३ रोजी अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे यांनी मराठा आरक्षणासाठी उपोषण आरंभिले. १ सप्टेंबर रोजी तेथे पोलिसांनी लाठीमार केला. त्याची दृश्ये अल्पावधीत राज्यभर पसरली व अनेक ठिकाणी तीव्र पडसाद उमटले. आधी काय घडले, याविषयी पोलीस व आंदोलक यांची निवेदने परस्परविरोधी होती. अशा प्रसंगी चित्रणाची वेळ, स्थळ आणि अखंड मूळ फाईल यांना पुराव्याचे मोल येते. सुरुवात वा शेवट कापलेली वीस सेकंदांची चित्रफीत खोटी नसूनही दिशाभूल करू शकते.

प्रशिक्षणाचा आशय :
यावरून प्रशिक्षणाचा क्रम ठरविता येतो. स्थिर हाताने किमान दहा सेकंद दृश्य धरणे, प्रथम परिसर व नंतर तपशील टिपणे, वाऱ्याच्या आवाजापासून बचावासाठी कॉलरचा माइक वापरणे, ही प्राथमिक कौशल्ये होत. ती थोड्या सरावाने साधतात. चित्रणाच्या आरंभी दिनांक व स्थळ उच्चारणे, मूळ फाईल जपणे, इतरांकडून आलेल्या चित्रफितीतील पाट्या, भाषा व हवामान ताडून पाहणे, दोन्ही पक्षांचे म्हणणे नोंदविणे, हे अधिक कठीण आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार, तर अत्याचारग्रस्त बालकाची ओळख माध्यमांतून उघड करणे पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार गुन्हा ठरते. संपादक नसलेल्या वार्ताहरास ही माहिती असणे अनिवार्य आहे.

समारोप :
मुद्रणकाळात संपादक, दूरदर्शनवर प्रशिक्षित चमू, खासगी वाहिन्यांत वृत्तकक्ष आणि लोकचित्रफितीच्या प्रयोगात मार्गदर्शक, अशा प्रत्येक टप्प्यावर वार्ताहराच्या पाठीशी कोणीतरी उभे होते. आज घटनास्थळी सर्वप्रथम पोहोचणारा ग्रामीण वार्ताहर याबाबतीत एकाकी आहे. त्याला अधिक महागडा कॅमेरा देऊन हा प्रश्न सुटणार नाही. प्रसारणापूर्वी चित्रफीत दाखविता येईल, शंका विचारता येईल, अशी विश्वासाची जागा त्याला हवी आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील भाषा, इतिहास, राज्यशास्त्र व विधी या विषयांचे अध्यापक एकत्र आल्यास अशी जागा तालुक्यातच निर्माण होऊ शकते. इतिहासाच्या अभ्यासकांनाही त्यात स्वारस्य असावयास हवे. कारण या चित्रफिती हीच उद्याच्या मराठवाड्याच्या इतिहासाची साधने ठरणार आहेत.