गाबाला अडवलं, पण कुठे?

मांजराच्या दृष्टी-कॉर्टेक्समधल्या पेशी ठरावीक कोनातल्या रेषेलाच जोरात प्रतिसाद देतात, हे ह्यूबेल आणि वीझल यांनी १९६२ पर्यंत दाखवलं होतं. ही निवड येते कुठून? १९७५ मध्ये अ‍ॅडम सिलिटो यांनी बायक्युक्युलिन सोडून गाबा या लगाम घालणाऱ्या रसायनाचा परिणाम अडवला. अनेक पेशींची निवड ढिली पडली. म्हणजे सगळं श्रेय गाबाचं? थांबा. १९९४ मध्ये नेल्सन, मृगांक सूर आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोडमधून एकाच पेशीच्या आत हा लगाम तोडला, तरी तिची निवड टिकली! बायक्युक्युलिन आसपास पसरतं, शेजाऱ्यांचाही लगाम सुटतो. त्यामुळे प्रयोग आखताना आधी स्वतःला विचारा: आपण कान कुणाचे बंद करतोय, एकट्या पेशीचे की अख्ख्या आळीचे?