सिंत्र्याचे राजवाडे व भूमीचें शेवटचें टोंक

लिस्बन शहरीं दोन-चार दिवसांकरितां उतरलेल्या प्रवाशानें त्यांतला एक दिवस सिंत्र्यासाठीं राखून ठेवावा, असा तेथील रिवाज आहे. चार-सहा माणसांची मंडळी एक मोटार व एक वाटाड्या ठरविते, सकाळीं निघून दोन-तीन राजवाडे पाहते, दुपारीं काबो द रोका येथील कड्यावर उभी राहून अटलांटिक महासागराचें दर्शन घेते आणि काश्काइशच्या किनाऱ्यानें दिवेलागणीपूर्वीं लिस्बनला परतते. स्वतःचा वाटाड्या घेण्यांत फायदा हा, कीं कोठें किती वेळ थांबावयाचें हें मंडळीच्याच हातीं राहतें. मराठी माणसाला तर हा फायदा विशेष महत्त्वाचा आहे. कारण ज्या ठिकाणीं त्याचें पाऊल अडावें अशीं ठिकाणें नेहमींच्या यादींत सहसा नसतात. या एका दिवसाच्या वाटेवर मुंबईचा, गोव्याचा, कोंकणचा आणि सोरटी सोमनाथाचाहि इतिहास पडलेला आहे, याची कल्पना फार थोड्यांस असते.

सिंत्रा हें लिस्बनच्या वायव्येस सुमारें तीस किलोमीटरांवर डोंगराच्या कुशींत वसलेलें गांव आहे. समुद्रावरून येणारे ढग या डोंगराला अडतात. त्यामुळें भर उन्हाळ्यांत लिस्बन तापलेलें असतां येथें धुकें व गारवा असतो, आणि झाडी इतकी दाट, कीं आपल्याकडील माणसास माथेरान-महाबळेश्वरची आठवण व्हावी. पोर्तुगालच्या राजांनीं उन्हाळ्यांतील निवासासाठीं ही जागा निवडली याचें कारण हेंच. डोंगरमाथ्यावर मूर लोकांनीं बांधलेल्या किल्ल्याचा तट आहे. ११४७ मध्यें लिस्बन पडल्यावर हा किल्लाहि पहिल्या आफोंसो राजाच्या स्वाधीन झाला आणि तेव्हांपासून सिंत्रा पोर्तुगीज राजघराण्याच्या इतिहासाशीं निगडित राहिलें. १९९५ मध्यें युनेस्कोनें या सबंध परिसराची जागतिक वारशांत गणना केली.

गांवाच्या मध्यभागीं जुना राजवाडा आहे. दुरून प्रथम नजरेस भरतात तीं त्याच्या मुदपाकखान्याचीं दोन प्रचंड शंक्वाकृति धुराडीं. त्यांची उंची तेहतीस मीटर आहे. पहिल्या जुआंव राजानें पंधराव्या शतकाच्या आरंभीं हा वाडा वाढविला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सेउता शहर घेण्याचा बेत याच वाड्यांत ठरला, अशी परंपरा आहे. १४१५ मध्यें सेउता पडलें व पोर्तुगीजांच्या दर्यावर्दी विस्तारास तेथून प्रारंभ झाला. पुढें मानुएल राजाच्या अमदानींत वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतला पोंचला. मसाल्याच्या व्यापारानें राजाची तिजोरी भरूं लागली, आणि त्यानें या वाड्यांत नवीं दालनें उभारलीं.

त्यांपैकीं एक दालन आपल्याकडील प्रवाशानें सावकाश पाहावें. तें म्हणजे घराण्यांच्या ढालींचें दालन. त्याच्या घुमटाकार लांकडी छताच्या मध्यावर राजाचें चिन्ह असून भोंवतीं पोर्तुगालच्या बहात्तर सरदार घराण्यांचीं चिन्हें रंगविलेलीं आहेत. खालीं त्यांचीं नांवें वाचूं लागावें तों ओळखीचीं मंडळी भेटल्यासारखें होतें : आल्मेइदा, आल्बुकेर्क, नोरोन्या, मेनेझिस, सोझा, परेरा, सिल्वा, कास्त्रो. गोव्यांत, वसईंत, मुंबईच्या गिरगांव-वांद्र्याकडे हीं आडनांवें घरोघर आहेत. परंतु या सरदारांचे ते वंशज नव्हेत. बाप्तिस्मा घेतेवेळीं धर्मपित्याचें किंवा पाद्र्याचें नांव नवख्रिस्त्यास मिळे. अशा रीतीनें तेथील सरदाराचें नांव येथील शेतकऱ्याच्या, रेंदेराच्या व कारागिराच्या दारावर लागलें. डिसेंबर १५०८ मध्यें दाभोळ बंदर लुटून जाळणारा पहिला व्हाइसरॉय फ्रांसिस्को द आल्मेइदा हा त्याच नांवाचा. छताखालीं उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या नांवांच्या दोन्ही बाजू एकाच वेळीं दिसाव्या, यांत नवल नाहीं.

या चिन्हांतून एक घराणें मागाहून काढून टाकलें गेलें. तें तावोरांचें. १७५० ते १७५४ पर्यंत गोव्याचा व्हाइसरॉय असलेला मार्क्विस द तावोरा राजावर मारेकरी घातल्याच्या आरोपावरून १७५९ मध्यें सहकुटुंब देहान्त शिक्षेस पात्र ठरला, आणि त्याच्या घराण्याचें चिन्हहि पुसण्याचा हुकूम झाला. राजाची मर्जी फिरली म्हणजे छतावरची ढालहि टिकत नाहीं, हा धडा त्या रिकाम्या जागेनें दिला.

याच वाड्यांत एक लहानशी खोली आहे. तेथें सहावा आफोंसो हा राजा नऊ वर्षें कैदेंत होता. तिच्या फरशीचा एक पट्टा झिजलेला दाखवितात व तो राजाच्या येरझाऱ्यांनीं झिजला असें सांगतात. बहुतेक वाटाडे येथें दोन मिनिटें थांबून पुढें जातात. मुंबईच्या माणसानें मात्र येथें थोडें अधिक थांबावें. हा आफोंसो गादीवर असतांनाच, १६६१ च्या तहानें, त्याची बहीण कातारिना हिचा विवाह इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशीं ठरला व मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांस देण्याचें ठरलें. स्पेनपासून नुकतेंच स्वतंत्र झालेलें पोर्तुगाल लहान व दुर्बळ होतें. त्यास इंग्रजांच्या आरमाराचा पाठिंबा हवा होता, आणि त्या पाठिंब्याची ती किंमत होती.

ही किंमत ज्यानें मोजावयाची तो गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो मोठ्या मुष्किलीनें राजी झाला. बेट सोंपविण्याचें त्यानें शक्य तितकें लांबविलें. अखेर १६६५ च्या जानेवारींत त्यानें राजास पत्र लिहून कळविलें, कीं केवळ आज्ञापालन म्हणून आपण हें करीत आहों. ज्या दिवशीं इंग्रज मुंबईंत पाय रोवतील त्या दिवशींच हिंदुस्थान आपल्या हातचा गेला असें समजावें. फेब्रुवारी १६६५ मध्यें बेट इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. व्हाइसरॉयचें भाकित पुढें अक्षरशः खरें ठरलें. परंतु ज्या राजाच्या पायांशीं तें पत्र ठेविलें गेलें, त्याला तें तोलण्याइतका अवसरच उरला नाहीं. १६६७ मध्यें त्याच्या धाकट्या भावानें, पेद्रोनें, राज्यकारभार हातीं घेतला व लवकरच त्याच्या राणीशीं विवाहहि केला. आफोंसोची रवानगी प्रथम अझोर बेटांवर झाली आणि १६७४ मध्यें त्याला सिंत्र्यास आणून कोंडण्यांत आलें. १६८३ मध्यें तो तेथेंच मरण पावला. मधल्या काळांत रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला होता, आणि मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हातीं वर्षाला अवघ्या दहा पौंडांच्या खंडानें गेली होती. एका बेटाचा मालक असा खोलीच्या चार भिंतींत फेऱ्या घालीत संपला.

गांवाबाहेर मोंसेरातच्या रस्त्याला लागलें, कीं झाडींत पेन्या व्हेर्द नांवाची वाडी लागते. ती खाजगी असल्यानें मोटार न थांबतां पुढें जाते. परंतु या सबंध वाटेवर हिंदी माणसाचा सर्वांत जवळचा संबंध या वाडीशींच आहे. ती जुआंव द कास्त्रो याची. हा मनुष्य साधा लुटारू सरदार नव्हता. गणित, नौकानयन व होकायंत्र यांचा त्याचा अभ्यास होता. १५३८-३९ मध्यें गोव्याहून दीवपर्यंत गलबतानें जातांना त्यानें आपल्या किनाऱ्याचें बारकाईनें वर्णन लिहून ठेविलें, त्यांत घारापुरीच्या लेण्यांचें वर्णन व मोजमापहि आहे. १५४५ मध्यें तो गोव्याचा गव्हर्नर झाला. दुसऱ्या वर्षीं गुजरातच्या सैन्याचा दीवला पडलेला वेढा त्यानें उठविला. मोडलेला किल्ला पुनः बांधण्यास पैसा नव्हता, तेव्हां गोव्याच्या नगरपालिकेकडे कर्ज मागतांना त्यानें आपल्या दाढीचे केंस तारण म्हणून पाठविले, आणि नगरानें कर्ज देऊन ते केंस सन्मानानें परत केले. या वाडींतलीं फळझाडें काढून त्यानें रानझाडें लावलीं, कारण देशसेवेवांचून कशाचेंहि फळ आपणांस नको, असें तो म्हणे, अशी आख्यायिका आहे. १५४८ च्या जूनमध्यें तो गोव्यांत वारला.

अशा या निरिच्छ म्हणून गाजलेल्या पुरुषाच्या वाडींत सोमनाथ पट्टणचा एक संस्कृत शिलालेख होता. वाघेला राजा सारंगदेव याच्या वेळचा, विक्रम संवत् १३४३ चा, म्हणजे १२८७ सालचा तो लेख आहे. त्रिपुरांतक नांवाच्या पाशुपत साधूनें सोमनाथास पांच देवळें बांधलीं व त्यांच्या पूजेअर्चेची कायमची व्यवस्था लावली, ही हकीगत त्यांत कोरलेली आहे. दान आचंद्रार्क चालावें म्हणूनच असे लेख दगडावर कोरीत. हें दान मात्र बारा वर्षांनीं अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजेनें सोमनाथ लुटलें तेव्हांच संकटांत आलें, आणि पुढें त्याचा दगडहि समुद्रापार गेला. घारापुरीच्या दारावरचाहि एक लेख असाच उचलून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविल्याचें इतिहासकार दियोगो दो कोउतो यानें नमूद केलें आहे. तो तेथें कोणास वाचतां आला नाहीं व पुढें नाहींसा झाला. त्यासरशीं घारापुरीचीं लेणीं कोणी व केव्हां कोरविलीं याचा सर्वांत मोठा पुरावाहि गेला, आणि विद्वानांस आज मूर्तींच्या घडणीवरून व नाण्यांवरून अनुमानें बांधावीं लागतात.

सिंत्र्याच्या शिलेचें नशीब त्या मानानें बरें. जेम्स मर्फी या आयरिश वास्तुशिल्प्यानें ती पेन्या व्हेर्द येथें पाहिली. १७९५ मध्यें छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें तिचा ठसा दिला, व सोबत भगवद्गीतेचा पहिला इंग्रज भाषांतरकार चार्ल्स विल्किन्स याचा अनुवादहि जोडला. जवळ जवळ अडीचशें वर्षें मुका राहिलेला दगड तेव्हां प्रथम बोलला. पुढें ब्यूलर या जर्मन पंडितानें त्याचें शास्त्रशुद्ध संपादन केलें; तेव्हांपासून तो ‘सिंत्रा प्रशस्ति’ या नांवानें ओळखला जातो. सिंत्र्यासच मिळालेला दुसरा एक शिलालेख तर आपल्या कोंकणचा. तो उत्तर कोंकणच्या शिलाहारांपैकीं पहिल्या अपरादित्याचा, शके १०५९ चा आहे. महामहोपाध्याय मिराशी यांनीं शिलाहारांच्या लेखांचा जो संग्रह केला, त्यांत त्याचा समावेश आहे. ठाणें-कोंकणच्या राजाचा लेख पोर्तुगालच्या गांवाच्या नांवानें ओळखला जावा, यापेक्षां अधिक विचित्र गोष्ट कोणती?

पुढें मोंसेरातची बाग लागते. तीहि १७१८ पासून गोव्याच्या आणखी एका माजी व्हाइसरॉयच्या, काएतानो द मेलो द कास्त्रो याच्या घराण्याकडे होती. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्सिस कुक या इंग्रज कापड-व्यापाऱ्यानें ती घेऊन मूर, गॉथिक व हिंदी थाटाचें मिश्रण असलेला नाजूक वाडा उभारला. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानांतून गेलेली एक दगडी कमान बागेंत उभी आहे. मंडळी तिच्याखालीं छायाचित्र घेतात.

डोंगरमाथ्यावरील पेनाचा राजवाडा सर्वांत प्रसिद्ध, पण इतिहासाच्या दृष्टीनें त्याची हकीगत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. मानुएल राजानें तेथें मठ बांधला होता. गामाचीं गलबतें परत येतांना दिसावींत म्हणून राजा त्या माथ्यावर वाट पाहत बसे, अशी दंतकथा आहे. १७५५ च्या भूकंपांत मठ ढासळला. १८३८ मध्यें राणीचा पति फेर्दिनांद यानें ते अवशेष विकत घेऊन लाल-पिवळ्या भिंतींचा, बुरुजांचा व घुमटांचा हा स्वप्नवत् वाडा बांधविला. १९०८ मध्यें लिस्बनच्या चौकांत राजा व युवराज मारले गेले, १९१० च्या ऑक्टोबरांत प्रजासत्ताक झालें, आणि राणी आमेलियानें देश सोडण्यापूर्वींचा काळ येथेंच घालविला. राजाचें राज्य गेलें. वसाहती मात्र प्रजासत्ताकानेंहि सोडल्या नाहींत. गोवा मुक्त होण्यास १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

दुपारीं मोटार काबो द रोकास पोंचते. युरोप खंडाच्या मुख्य भूमीचें हें अगदीं पश्चिमेचें टोंक. कडा समुद्रापासून सुमारें १४० मीटर उंच असून वारा उभें राहूं देत नाहीं. एका दगडी स्तंभावर कामोंइश कवीची ओळ कोरलेली आहे. हा कवि १५५३ मध्यें गोव्यास आला, तेथें दारिद्र्य व कैद भोगली, आणि १५७२ मध्यें त्यानें गामाच्या सफरीवरचें महाकाव्य छापलें. हिंदुस्थानचीं गलबतें मार्च-एप्रिलमध्यें याच किनाऱ्याजवळील ताग नदीच्या मुखांतून निघत आणि सर्व सुरळीत झाल्यास सप्टेंबरांत, पावसाळा ओसरतां ओसरतां, गोव्यास लागत. निघालेल्यांपैकीं पुष्कळजण परत आले नाहींत. त्यांच्या बायकामुलांनींहि या कड्यांवरून समुद्र न्याहाळला असेल. जेत्यांच्या घरींहि या साहसाची किंमत दिली गेली, हें न विसरणें हाच इतिहासाचा न्याय होय.

तेथून गिंशोच्या वाळवंटावरून काश्काइशला व तेथून लिस्बनला रस्ता समुद्राच्या कडेनें जातो. वाटाड्या बिचारा आपल्याला शिकविलेलें सांगतो. पाहुण्यानें विचारलें तर तो अधिकहि सांगतो. म्हणून ज्या मराठी मंडळीस हा योग येईल त्यांनीं आफोंसोच्या खोलींत दोन मिनिटांऐवजीं दहा मिनिटें मागावींत, ढालींच्या दालनांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं नांवें शोधावींत, आणि पेन्या व्हेर्दच्या फाटकापाशीं, आंत जातां आलें नाहीं तरी, मोटार क्षणभर उभी करण्यास सांगावी.