औषधाच्या खिडकीपुढची रांग

दिवाळीच्या अंकात रोगाचा इतिहास कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु राजघराण्यांचा इतिहास जसा बखरींतून कळतो, तसा साध्या माणसांचा इतिहास बहुधा सरकारी दप्तरांतूनच कळतो. जमाखर्चाच्या जुन्या रुमालांतून पेशवाईतल्या रयतेचा संसार आपल्या संशोधकांनी उभा केला. उद्या कोणी आपल्या काळातल्या कुटुंबाचा इतिहास लिहावयास बसला, तर एक दप्तर त्याला टाळता येणार नाही. ते म्हणजे सरकारी रुग्णालयांत एच.आय.व्ही.चे औषध विनामूल्य घेणाऱ्यांच्या नोंदींचे. त्या रांगेत आधी कोण आले, मागून कोण आले आणि कोणाला उशीर का झाला, एवढेच नीट पाहिले तरी चाळीस वर्षांतील आपल्या घरांची कहाणी समोर उभी राहते.

या कहाणीचा आरंभ १९८६ सालचा. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली डॉ. सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने काही वेश्यांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. वेल्लोरला त्यांची तपासणी झाली आणि हा विषाणू भारतात आला आहे, हे प्रथमच सिद्ध झाले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. पुढे १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने एक संस्था काढली आणि २०१५ मध्ये निधन होईपर्यंत याच रोग्यांची सेवा केली. परंतु त्या पहिल्या शोधाचा एक अनर्थही झाला. रोग प्रथम ज्यांच्यात सापडला, त्यांचाच तो आहे, अशी समजूत देशभर दृढ झाली. सभ्य घरांना वाटले, हे संकट आपल्या गल्लीत येणारे नव्हे.

महाराष्ट्राने साथींचा अनुभव पूर्वीही घेतलेला आहे. १८९६ साली मुंबईत आणि लगोलग पुण्यात प्लेग आला, तेव्हा सरकारला सुचलेला पहिला उपाय म्हणजे माणसाला घरातून उचलून वेगळे ठेवणे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी मृत्यू पावल्या. रोग्याला दूर ठेवणारी वृत्ती आणि त्याला जवळ घेणारी वृत्ती, अशा दोन परंपरा तेव्हापासून शेजारी शेजारी चालत आल्या आहेत. एच.आय.व्ही.च्या बाबतीत पहिल्या परंपरेने आधी डोके वर काढले. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुण रक्तदात्याच्या रक्तात विषाणू आढळला. त्याला म्हापशाला जुन्या क्षयरुग्णालयात तब्बल ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले, कारण गोव्याच्या आरोग्य कायद्याने तसा अधिकार दिलेला होता. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. सरकारी खर्चाने या रोग्यासाठी जी पहिली सोय झाली ती, खेदाने म्हणावे लागते, कुलुपाची होती. डॉमिनिक १९९२ मध्ये वारला, परंतु अशा माणसांनी एकत्र येऊन स्वतःची बाजू मांडावी, ही कल्पना मागे ठेवून गेला.

त्याच १९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापली, आणि पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही उभी राहिली. पुण्याच्या संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ५२५ जणी वेश्याव्यवसायातल्या नव्हत्या. त्यातल्या बहुतेक आपापल्या नवऱ्याशी एकनिष्ठ असलेल्या विवाहिता होत्या. तरीही या ५२५ जणींत शंभरी १३.६ जणींना विषाणूची बाधा झालेली आढळली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांचे सहकारी यांचा हा निबंध १९९७ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. या निष्कर्षाने एक मोठा भ्रम फोडला. धोका घराबाहेर आहे आणि उंबरठ्याच्या आत सुरक्षितता आहे, असे समजणाऱ्या समाजाला या आकड्यांनी सांगितले की पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत विवाह हीच एकमेव जोखीम होती.

परंतु रोग समजला म्हणजे औषध मिळाले असे नव्हे. १९९६ पासून तीन औषधे एकत्र दिल्यास रोगी जगतो, हे ठाऊक झाले होते; मात्र पाश्चात्त्य देशांत त्याचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिपला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीच औषधे सेवाभावी डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरना, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत, देऊ केली. जगभर या गोष्टीची वाहवा झाली. तरी त्या किमतीतही ती गिरणीकामगाराला, मोलकरणीला किंवा कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारी नव्हती. अखेर १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. अधिक प्रादुर्भावाची सहा राज्ये आणि दिल्ली मिळून फक्त आठ सरकारी रुग्णालये त्यासाठी निवडली होती. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांतलेच एक.

आता रांग लागली. तीत कोण उभे राहिले? सरकारने प्राधान्य बाळंत झालेल्या माता, पंधरा वर्षांखालील मुले आणि आजार बळावलेले रोगी यांना दिले होते. प्रत्यक्षात मात्र आरंभी रांगेत पुरुषच अधिक दिसू लागले, आणि यामागे एक साधे कारण होते. त्या वेळी रक्तातील सी.डी.फोर पेशी दोनशेच्या खाली उतरल्या, म्हणजे शरीराची तटबंदी पुरती ढासळली, तरच औषध सुरू करीत. बाधा बहुधा आधी नवऱ्याला झालेली असे, म्हणून तो आधी खंगे. घरातला पैसा आणि माहेरून आलेला दागिना त्याच्या उपचारात जाई. पत्नीची तपासणी होई ती त्याच्या आजारपणात किंवा त्याच्या मृत्यूनंतर. त्यामुळे रांगेत ती आली तेव्हा पुष्कळदा विधवा होऊन आली होती, आणि सासरचे दार तिला बंद झाले होते. दुसरीकडे काही तरुणींची तपासणी गरोदरपणात सरकारी दवाखान्यात झाली, नवऱ्याच्याही आधी. घरात रोगाचे नाव प्रथम तिच्या कागदावर आले, म्हणून रोग तिनेच आणला असे ठरले. पांढऱ्या पायाची म्हणून सुनेला बोल लावण्याची आपली जुनी खोड या नव्या रोगालाही लागू पडली.

केंद्रात प्रत्येकाचे एक पांढरे कार्ड राहते आणि रोग्याच्या हाती हिरवी पुस्तिका दिली जाते. त्या कार्डांची बेरीज करावयाची तर देशातील एकूण बाधितांचा अंदाज हवा. तोही अंदाज एकदा फार मोठ्या प्रमाणात दुरुस्त करावा लागला. २००५ पर्यंत तो बावन्न लाखांच्या घरात समजला जात होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत, २००५-०६ मध्ये, एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या रक्ताची तपासणी घरोघरी जाऊन केली गेली. तीत पंधरा ते एकोणपन्नास वयोगटात बाधेचे प्रमाण देशात शेकडा ०.२८ आणि महाराष्ट्रात ०.६२ निघाले. त्यावरून २००७ मध्ये अंदाज पंचवीस लाखांवर आला. दवाखान्यात येणाऱ्यांवरून साऱ्या गावाचे मोजमाप केले की असे होते. तथापि आकडा निम्मा झाला म्हणून दुःख निम्मे झाले नाही. रांग होती तेवढीच होती.

पुढच्या वर्षांत औषधाची अट सैल होत गेली. दोनशेची मर्यादा साडेतीनशे, मग पाचशे अशी वर सरकली, आणि २०१७ मध्ये बाधा आढळताच औषध द्यावे असे ठरले. आठ रुग्णालयांच्या जागी देशभर सातशेहून अधिक केंद्रे झाली, आणि २०२३-२४ पर्यंत औषध घेणाऱ्यांची संख्या सतरा लाखांच्या आसपास गेली. २००९ च्या अंदाजात बाधितांमध्ये स्त्रिया शेकडा ३९ होत्या; २०२३ च्या अंदाजात एकूण पंचवीस लाखांहून अधिक बाधितांत त्या सुमारे ४४ आहेत. या वाढीचा अर्थ स्त्रियांत रोग बेफाम पसरला असा करू नये. नवी लागण २०१० नंतर चाळीस टक्क्यांहून अधिक घटली आहे आणि मृत्यू तीन चतुर्थांशांहून अधिक घटले आहेत. स्त्रियांचा वाटा वाढण्यात त्या मागे राहून जगल्या, याचाही हिस्सा आहे. महाराष्ट्रात आजही सर्वाधिक, म्हणजे चार लाखांच्या जवळपास, बाधित आहेत. परंतु लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर आता मिझोराम, नागालँड आणि मणिपूर ही राज्ये पुढे आहेत, आणि तेथे सुईने नशा करणाऱ्यांचा प्रश्न मोठा आहे.

मुलांची गोष्ट तर वेगळीच सांगावयास हवी. उपचार नसतील तर बाधित मातेच्या तिघां-चौघां मुलांत एकाला तरी बाधा होते. उपचाराने हे प्रमाण शंभरी पाचाच्या खाली आणता येते. त्या उपचारांपूर्वी जन्मलेली, आजोळी वाढलेली मुले २००६ च्या अखेरीपासून मुलांसाठी वेगळ्या मात्रेची औषधे घेऊ लागली. त्यांच्या पाठीशी नातलग असतीलच असे नव्हते. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यात भेदभावाला बंदी तर आहेच, पण एक कलम कोणाही कुटुंबवत्सल माणसाला थबकवील असे आहे. अशा रोगाने पोळलेल्या घराचा कारभार बारा ते अठरा वर्षांचे समजूतदार मूल पाहत असेल, तर शाळाप्रवेश, औषधोपचार, मालमत्ता अशा बाबतींत त्याला धाकट्या भावंडांचा पालक मानावे. बारा वर्षांच्या मुलीने घर चालविले, आणि कायद्याला मागाहून ते मान्य करावे लागले!

ही मुले आता मोठी झाली आहेत. २००४ मध्ये आठ वर्षांचा असलेला मुलगा आज तिशीच्या उंबरठ्यावर आहे. नियमित औषध घेऊन रक्तातील विषाणू मोजण्यापलीकडे कमी झाला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही, हे आता शास्त्राने निःसंशय सिद्ध केले आहे. म्हणून या मुलांच्या पुढचा प्रश्न आता लग्नाचा आहे. सुनीतीबाई गायतोंडे-सॉलोमन यांनी उतारवयात बाधित तरुण-तरुणींची लग्ने जुळवावयास घेतली होती. रोगाचा शोध लावणाऱ्या बाईंनी शेवटी वधूवरसूचन करावे, यात या साऱ्या इतिहासाचे सार आले आहे.

दुसऱ्या टोकाला, २००४ मध्ये तिशीत असलेला रोगी आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. अमेरिकेत १९९० च्या रायन व्हाइट कायद्याने चालणाऱ्या सरकारी सेवेचा लाभ २०२२ साली साडेपाच लाखांहून अधिक लोकांनी घेतला. त्यांतले जवळजवळ निम्मे पन्नाशीचे किंवा त्यापुढचे होते. तो कायदा ज्याच्या नावाने झाला, त्या मुलाला शाळेने प्रवेश नाकारला होता आणि तो अठराव्या वर्षीच वारला. आपली रांगही त्याच वाटेने म्हातारी होत चालली आहे. तिला आता मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि एकाकीपणा यांचीही औषधे लागणार. ज्या विधवेला सासरने आणि माहेरने दूर लोटले, तिच्या म्हातारपणी तिच्याजवळ कोण बसणार, हा प्रश्न सरकारी खिडकीतून सुटणारा नाही. गोळी सरकार देईल. फराळाचे ताट मात्र शेजाऱ्यानेच न्यावयाचे असते.