तक्त्यातली खपली

१९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात एल्विन स्टॅकमन आणि मोझेस लेव्हिन या दोन संशोधकांनी गव्हाच्या तांबेऱ्यावर एक पुस्तिका काढली. तीत बारा गव्हांचा तक्ता आहे. लिटल क्लब, मार्क्विस, कुबांका, आइनकॉर्न अशी परकी नावं वाचत खाली यावं, तर शेवटी एकदम घरचं माणूस भेटतं: खपली. सांगली-कोल्हापुरात जिची खीर होते, तीच.

खपली त्या तक्त्यात का होती, हे कळायला आधी तांबेरा पाहायला हवा. खोडावरच्या तांबेऱ्यात हिरव्या ताटावर लांबट फोड उठतात, साल फाटते आणि आतून विटकरी पूड बाहेर पडते. पिकातून चालत गेलं तर कपडे तांबडे होतात. पुढे तेच फोड काळे पडतात. दाण्यात भरायचा रस बुरशी पिऊन टाकते आणि ओंबीत चिंबलेले, पोचट दाणे उरतात. ही बुरशी एकाच प्रकारची नसते. एका वाणाला हात न लावणारा प्रकार शेजारच्या वाणाचा फडशा पाडतो. मग शेतातला प्रकार कोणता, हे ओळखायचं कसं? स्टॅकमननी बारा गव्हांना साक्षीला बसवलं. प्रत्येकाच्या कोवळ्या रोपावर ती विटकरी पूड टाकायची, दोनेक आठवडे थांबायचं आणि पानं वाचायची. मोठे फोड आले तर ४, काहीच नाही तर ०. बारा उत्तरं जुळवली की बुरशीची ओळख पटते. लिटल क्लब जवळजवळ प्रत्येक प्रकारापुढे मान टाकायचा. खपली उभी राहायची. तिच्या पानावर बहुतेक वेळा बारीक, वाळलेले ठिपके तेवढे दिसत. त्या ठिपक्यांकडे पुन्हा यायचं आहे.

खपली हा गव्हाचा जुना भाऊबंद. इंग्रजी पुस्तकांत त्याला एमर म्हणतात. त्याचा रानटी पूर्वज पश्चिम आशियाच्या डोंगरउतारांवर आजही उगवतो. आरोन आरोनसोन या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो १९०६ साली गालिलीच्या उत्तर भागात, रोश पिना गावाजवळ सापडला, तेव्हा शेतीच्या इतिहासाचा हरवलेला दुवा मिळाल्यासारखं झालं होतं. माणसाने हा गहू सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी शेतात आणला. पण एक जुनी सवय त्याने सोडली नाही. साध्या गव्हाची ओंबी तळहातावर चोळली की दाणे मोकळे होतात. खपलीची ओंबी चोळा, तिचे तुकडे पडतात आणि दाणे टरफलातच राहतात, बहुधा दोन-दोन. जोडगहू हे त्याचं दुसरं नाव. मळणी झाली तरी कांडल्याशिवाय हा दाणा हाती लागत नाही.

रोगाला दाद न देण्याचा खपलीचा गुण पोळीच्या गव्हात आणावा, असं सिडनी विद्यापीठातल्या वॉल्टर वॉटरहाऊस यांनी मनावर घेतलं. अडचण मोठी होती. खपलीत २८ गुणसूत्रं, पोळीच्या गव्हात ४२. दोघांचा संकर केला की पोरात येतात ३५. त्यांतल्या चौदा जोड्या जमतात आणि सात गुणसूत्रं बिनजोडीची राहतात. म्हणून असा संकर बहुतेक वांझ निघतो. तरीही वॉटरहाऊस यांनी स्टाइनवेडेल नावाच्या ऑस्ट्रेलियन गव्हाशी खपलीचा संकर करून दाणे धरणारी संतती मिळवली आणि १९३३ साली ते काम प्रसिद्ध केलं. त्यातून निघालेल्या गव्हाचं नाव खपस्टीन. अर्धं मराठी, अर्धं जर्मन वळणाचं. मला हे नाव फार आवडतं, कारण त्यात आईबाप दोघांचीही नोंद राहिली. आपल्याकडे केनियाचा गहू आणि निफाडचा गहू एकत्र आणून केलेले केनफड वाणही याच रीतीने नाव घेऊन आले.

अमेरिकेत १९५०च्या सुमारास १५बी नावाचा तांबेरा माजला. डकोटातला ड्युरम गहू, म्हणजे शेवया-मॅकरोनीचा, त्यात आडवा झाला. ड्युरमचीही गुणसूत्रं २८, म्हणजे खपलीशी सोयरीक सोपी. १९५६ साली नॉर्थ डकोटातून आलेल्या लँगडन वाणाच्या कुळीत खपली आहे. कॅनडात डग्लस नॉट यांनी खपस्टीनची वंशावळ पिढ्यापिढ्या तपासली आणि १९६२ साली तिच्यातले एकेक जनुक वेगळे ओळखले. त्यांतल्या दोघांना नावं मिळाली एसआर१३ आणि एसआर१४.

खरी कसोटी त्यानंतर आली. राय या धान्यातून गव्हात आणलेल्या एसआर३१ या जनुकावर जगभरच्या वाणांची भिस्त होती. १९९८ साली युगांडात त्यालाही न जुमानणारा तांबेरा दिसला. यूजी९९ तो हाच. नामांकित वाण पडत गेले, पण एसआर१३ असलेले ड्युरम टिकले. २०१७ साली कॅलिफोर्नियात जॉर्ज डुबकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी हे जनुक सहाव्या ‘अ’ गुणसूत्रावरून नेमकं वेगळं काढलं. त्यातून बनणारं प्रथिन पेशीत पहारा देतं. बुरशी शिरल्याची चाहूल लागली की आजूबाजूच्या पेशी स्वतःहून मरतात. बुरशी जिवंत पेशीवरच जगते, तेव्हा तिचं अन्नच तुटतं. स्टॅकमननी खपलीच्या पानावर पाहिलेले वाळके ठिपके हेच. गंमत म्हणजे हे जनुक थंडीपेक्षा उबेत जास्त जोमाने काम करतं.

इथियोपियात देब्रे झेइतच्या शेतांत एसआर१३लाही चकवणारे तांबेऱ्याचे प्रकार सापडले आहेत. म्हणून शोध रानटी एमरपर्यंत, त्याच्या दूरच्या चुलत्यांपर्यंत चालूच आहे.

या सगळ्या कागदांत खपलीला एक क्रमांक आहे, ४०१३. ज्याच्या शेतातून ते मूठभर बी परदेशी गेलं, त्याचं नाव त्यांत नाही. मला ही उणीव टोचते. संकरित वाण आले, उसाचं पाणी आलं, गिरणीत कांडणाची कटकट नको झाली, तरी कृष्णाकाठच्या काही घरांनी पुरणपोळीसाठी आणि खिरीसाठी वाफाभर खपली ठेवली. तिचं ताट उंच वाढतं आणि वाऱ्याने लोळतं, म्हणून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस २९७१ हा बुटका वाण काढला.

खाण्यासाठी खपली कांडून घेतात. पेरताना मात्र टरफल काढत नाहीत. ते अंगावर घेऊनच दाणा मातीत जातो.