तिथी आणि तारीख

जयपूरच्या जुन्या तटबंदीबाहेर, दक्षिणेकडे पसरलेले मालवीय नगर ही स्वातंत्र्योत्तर काळात वाढलेली वसाहत. अशा वसाहतीतील एखाद्या मराठी कुटुंबाने प्रतिपदेला गुढी उभारली, तर त्याच्या लेखी चैत्र त्या दिवशी सुरू होतो. शेजारच्या राजस्थानी घरात मात्र तो होळीपाठोपाठ सुरू होऊन अर्धा सरलेला असतो. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, राजस्थानात पौर्णिमेला. नववर्षाचा दिवस दोघांचाही एकच; एक शक मोजतो, दुसरा विक्रम संवत. तृतीयेला जयपुरात गणगौरीची मिरवणूक निघून गौरीला निरोप दिला जातो, तर मराठी घरात त्याच दिवशी चैत्रगौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत आंब्याची डाळ व पन्हे यांनी तिचे हळदीकुंकू होते.

पंचांगांची ही विविधता राज्यव्यवहारातही उतरली. ३० मार्च १९४९ रोजी सरदार पटेलांच्या हस्ते जयपुरात राजस्थान संघराज्याचे उद्घाटन झाले. जयपूर, जोधपूर, बिकानेर व जैसलमेर ही संस्थाने त्यात सामील झाली. सवाई मानसिंह राजप्रमुख आणि हिरालाल शास्त्री मुख्यमंत्री झाले. आदल्या दिवशी पटेलांचे विमान वाटेत शाहपुऱ्याजवळ अकस्मात उतरवावे लागले होते. उद्घाटनाचा दिवस चैत्र शुद्ध प्रतिपदेचा, शके १८७१ चा, विक्रम संवत २००६ चा होता. पुढे वर्षानुवर्षे ‘राजस्थान दिवस’ ३० मार्चलाच साजरा होत राहिला. तो तारखेऐवजी तिथीनुसार साजरा करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला. त्या वर्षी प्रतिपदा ३० मार्चलाच आली, हा निव्वळ योगायोग नव्हे. एकोणीस सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात आणि १९४९ ते २०२५ हा अशा चार आवर्तनांचा काळ आहे. पुढच्याच वर्षी, २०२६ मध्ये, तीच प्रतिपदा १९ मार्चला आली.

येथे प्रश्न केवळ गणिताचा नाही. २०२५ च्या त्या प्रतिपदेच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ मार्चला, भारतात ईद होती. ईदचे चांद्रवर्ष अधिक मास मानीत नाही. म्हणून ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत सर्व ऋतूंतून फिरते. तिथीने राज्याचा दिवस परंपरेशी जोडला जातो, हे खरे. परंतु ती परंपरा सर्व नागरिकांची सारखीच असेल असे नाही. ख्रिस्ती सनाची तारीख धर्माने परकी असली, तरी व्यवहारात ती कोणा एकाच्या घरची उरलेली नाही. आणि तिचे बळ याच तटस्थतेत आहे.

प्रजासत्ताकाने हा पेच ओळखला होता. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीला देशात सुमारे तीस पंचांगे प्रचलित असल्याचे आढळले. तिच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, सौर शक गणना शासकीय व्यवहारात स्वीकारली गेली. तरीही २६ जानेवारी, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे तिन्ही राष्ट्रीय दिवस तारखांनीच पाळले जातात. सणांची गणना पूर्ववत चांद्रसौर पंचांगावर राहिली. महाराष्ट्रानेही १९६० मध्ये राज्याचा दिवस म्हणून १ मे स्वीकारला. त्यामुळे गुढी उंबरठ्याशी आणि ध्वज मैदानात, असे दोन्ही उत्सव आपापल्या जागी राहिले.

जयपूर वसविणारे सवाई जयसिंह स्वतः ज्योतिषगणिताचे अभ्यासक होते. त्यांच्या जंतरमंतरातील दगडी यंत्रे सूर्याची छाया मोजतात. ती छाया सर्वांवर सारखीच पडते. तिला प्रतिपदा म्हणायचे की ३० मार्च, हे ठरविताना मालवीय नगरातील कोणत्या दारात तो दिवस पाहुणा म्हणून जाईल आणि कोणत्या दारात घरचा म्हणून, याचाही विचार राज्याला करावा लागतो.