महारोहिणी आणि मज्जारज्जू

शस्त्रक्रिया यशस्वी व्हावी, रोग्याचे प्राण वाचावेत आणि शुद्धीवर येताच आपले दोन्ही पाय हलत नाहीत असे त्याला आढळावे, यासारखा शस्त्रवैद्याचा दुसरा पराभव नाही. छातीतील महारोहिणीवर शस्त्र चालविणाऱ्यांच्या वाट्याला तो पुनःपुन्हा आला.

त्याची पूर्वसूचना फार जुनी आहे. महारोहिणी बांधली असता प्राण्याचे मागील पाय लुळे पडतात, हे डेन्मार्कच्या निकोलस स्टेनोने १६६७ मध्येच नमूद केले होते. पुढे १८८२ च्या सुमारास क्राको येथील अल्बर्ट आदामकेविच याने मज्जारज्जूच्या रोहिण्यांचे बारकाईने वर्णन केले. रज्जूच्या खालच्या भागाला रक्त पुरविणारी मोठी रोहिणी बहुधा एकच असते आणि ती बहुतेकांत डाव्या बाजूने येते. तिलाच आज त्याचे नाव आहे.

१९५३ मध्ये ह्यूस्टन येथे मायकेल डीबेकी व डेंटन कूली यांनी छातीतील महारोहिणीचा फुगलेला भाग काढून तेथे मृत मनुष्याची रोहिणी बसविली. परंतु असे काम करताना शिवण पुरी होईपर्यंत महारोहिणी चिमट्याने आवळून ठेवावी लागे. अर्धा तास उलटला की मज्जारज्जूचा धोका झपाट्याने वाढे. म्हणून कोणी हात चपळ केला, कोणी शरीर थंड केले, तर कोणी चिमट्याखालच्या भागाला नळीने रक्त पोहोचविले. तरीही ह्यूस्टनच्याच स्टॅन्ली क्रॉफर्ड यांच्या १,५०९ रोग्यांचा जो वृत्तान्त १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात शेकडा १६ जणांचे पाय लुळे किंवा दुबळे झाल्याची नोंद आहे.

एक उपाय दिसावयास अगदी साधा होता. चिमटा लावताच खाली रक्ताचा दाब उतरतो आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचा दाब चढतो. या दोहोंच्या कात्रीत रज्जू उपाशी राहतो. तेव्हा कमरेतून बारीक नळी घालून थोडा द्रव काढावा, ही ती युक्ती. १९६० नंतर कुत्र्यांवर तिचे प्रयोग झाले. परंतु माणसांविषयीचा भक्कम पुरावा मिळण्यास २००२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या १४५ रोग्यांच्या तुलनेत, द्रव न काढलेल्यांपैकी शेकडा १३ जणांचे पाय बाधित झाले. द्रव काढलेल्यांत ते प्रमाण शेकडा ३ हूनही कमी राहिले.

आता जांघेतून नळी सरकवूनही महारोहिणीला आतून अस्तर लावता येते. तथापि धोका समूळ गेलेला नाही. म्हणूनच रोगी डोळे उघडताच त्याला आजही आधी पाय हलवून दाखविण्यास सांगतात.