मिस्त्राल

परवा माळा आवरताना ताईच्या साखरपुड्याची पत्रिका सापडली. १९९९ सालची, इंग्रजीतली. तिचं नाव मी मोठ्या हौसेने 'मिस्त्राल' फाँटमध्ये टाकलं होतं. (तेव्हा आम्ही त्याला मिस्ट्रल म्हणायचो!) आमचे नाना साइनबोर्ड पेंटर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पत्रिका डोळ्यांजवळ नेली. म्हणाले, "झोकदार आहे रे, पण हाताचं नाही. नावातले दोन्ही 'ए' बघ, जुळे भाऊ."

मला राग आला होता. नंतर कळलं, नानांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

हे अक्षर रॉजर एक्सकोफाँ या फ्रेंच माणसाचं. जन्म मार्सेयचा, १९१० चा. तिथल्याच ऑलिव्ह फाउंड्रीने ते १९५३ मध्ये बाजारात आणलं. आधार त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षराचा आणि नाव रोन नदीच्या खोऱ्यातून समुद्राकडे सुटणाऱ्या गार वाऱ्याचं.

आता गंमत बघा. तेव्हाची छपाई खिळ्यांची. प्रत्येक अक्षराचा वेगळा खिळा, आणि अक्षरं दिसायला हवीत एका दमात लिहिल्यासारखी! म्हणजे प्रत्येकाची शेपटी खिळ्याच्या अगदी कडेला संपायला हवी, आणि पुढच्याने ती तिथेच उचलायला हवी. शेजारी कोण येईल याचा नेम नाही. केसभर चुकलं की फट. हे सगळं गणित सांभाळून एक्सकोफाँने रेषांच्या कडा मात्र खरबरीत ठेवल्या, कुंचला घाईत ओढल्यासारख्या. इतक्या काटेकोरपणे केलेली घाई मी दुसरी पाहिलेली नाही.

आपल्या कंपोझिटरांना ही फट काही नवी नव्हती म्हणा. जुनी मराठी पुस्तकं उघडून बघा, शिरोरेषा जागोजागी तुटलेली दिसते. कारण तेच.

जाहिरातवाल्यांची सोय झाली. दरवेळी कलाकाराकडून मथळा लिहून घ्यायला नको. पुढे हे अक्षर मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर घरोघरी पोचलं आणि माझ्यासारख्यांच्या हाती लागलं. काही जण तर सगळा मजकूर कॅपिटलमध्ये टाकतात. ती अक्षरं एकमेकांना जोडायला केलेलीच नाहीत, भांडून उभी राहिल्यासारखी दिसतात. २०११ च्या 'ड्राइव्ह' सिनेमात मात्र गुलाबी रंगातलं मिस्त्राल काय देखणं दिसतं!

असो. फ्लेक्स आले आणि नानांचं काम गेलं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पत्रिकेवरून बोलले तेवढंच.

माळ्यावर त्यांचा एक न गेलेला पत्राही निघाला, 'श्री गणेश पिठाची गिरणी'. खाली आणून उजेडात धरला. त्यात दोन 'ग' आहेत. एकाची काठी जरा बाहेर झुकलीय, दुसऱ्याच्या पोटात रंग थोडा जास्त बसलाय.